देवळालीचा ताप

गेल्या दिवाळींत आमच्या तीर्थरूपांनीं चहाचा पितळी पेला भिंतीवर भिरकावला. चहा किंचित् निवाला होता, एवढेंच कारण. पोरें दारामागें दडलीं, आमच्या पत्नीच्या डोळ्यांत पाणी उभें राहिलें. आणि आम्हीही वडिलांस बोलूं नये तें बोलून गेलों.

रात्रीं इंग्लंडांतल्या धाकट्या भावाला फोनवर हा प्रकार सांगत असतांना त्याचा तिकडेच वाढलेला मुलगा मध्येंच हंसून म्हणाला, "काका, आजोबा डूलाली झाले वाटतं!"

डोकें फिरणें, भान सुटणें या अर्थीं हा शब्द इंग्रजांच्या घरगुती बोलींत अजून चालतो. आम्हां नाशिककरांस मात्र तो ऐकून चमकल्यासारखें झालें. कारण डूलाली म्हणजे दुसरेंतिसरें कांहीं नसून आमची शेजारचीच देवळाली! एकोणिसाव्या शतकांत तेथें लष्करी छावणी झाली. नोकरीची मुदत भरलेल्या गोऱ्या शिपायांस मायदेशीं धाडण्यापूर्वीं तेथें आणून ठेवीत. परंतु सैन्य नेणारीं जहाजें हिंवाळ्याच्या हंगामांतच सुटत. तो हुकला कीं महिनेच्या महिने तिष्ठत बसणें आलें. काम नाहीं, ऊन मात्र रगड! मग दारू, मारामाऱ्या, आणि एखाद्याचें डोकें खरोखरीच फिरे. फ्रँक रिचर्ड्स नांवाच्या जुन्या शिपायानें १९३६ सालीं छापलेल्या आपल्या आठवणींत याविषयीं लिहिलें आहे. या विकारास शिपाई 'डूलाली टॅप' म्हणत. यांतला टॅप म्हणजे पाण्याचा नळ नव्हे. तो आपला ताप! पुढें ताप गळाला, गांव तेवढें उरलें.

संतापलेला मनुष्य 'दांड्यावरून उडाला' असेंही इंग्रज म्हणतात. सैल झालेलें कुऱ्हाडीचें पातें उडतें तसा. त्यांत दोष पात्याचा. डूलालींत मात्र दोष वाट पाहण्याचा आहे, हें त्या रात्रीं अंथरुणावर पडल्यापडल्या आमच्या ध्यानीं आलें, आणि आम्ही उठून तीर्थरूपांच्या खोलींत गेलों. ते निजले होते. भिंतीवरच्या कालनिर्णयांत भावाच्या येण्याची तारीख त्यांनीं तीनदां मांडलेली होती: वैशाखांत, गणपतींत, दिवाळींत. तिन्ही त्यांच्याच हातानें खोडलेल्या.

सकाळीं भावाला कळविलें कीं, तिकीट हातीं आल्यावांचून वडिलांस तारीख सांगत जाऊं नकोस. उत्तर अद्याप यावयाचें आहे. पेल्यास पोचा पडला. तीर्थरूप चहा त्यांतच घेतात.