शेतातील अन्न, तळ्यातील विष

खत हे भूमीचे अन्न होय, हे आम्ही बाळपणापासून ऐकत आलो. परंतु अन्नही अस्थानी पडले म्हणजे विष होते. अमेरिकेत मॉमी नदीकाठच्या शेतांतील स्फुरद पावसासरशी ईरी सरोवरात वाहून जातो व तेथे हिरवे शेवाळ माजते. २०१४ च्या ऑगस्ट महिन्यात त्या शेवाळाच्या विषामुळे टोलेडो शहराकडील ४ लाखांहून अधिक लोकांस सुमारे ३ दिवस नळाचे पाणी वर्ज्य झाले. उकळूनही ते शुद्ध होईना! अथांग जळाकाठी माणसे तहानेली! शेतकऱ्यास नुसता दोष देऊन काय होणार? माती तपासून गरजेपुरतेच खत घालावे, ते मातीआड करावे, मेघ दाटले असता हात आवरावा, ओढ्याकाठी गवताचा पट्टा राखावा. बांधापलीकडे गेलेले पाणी कोणाच्या तरी घागरीत पडते, एवढे स्मरले तरी पुष्कळ, असे आम्हांस वाटते.