पाण्याची रेघ

तळघरात व्यायामाची खोली करायची ठरली तेव्हा टेप घेऊन उतरलो आणि पहिलं माप भिंतीवरच्या रेघेचं घेतलं. साडेतीन फूट. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी काठ सोडून वस्त्यांत शिरली आणि आमच्या जिन्यावरून खाली उतरली. ‘पाणी येऊन राहिलं रे!’ ही बाबांची हाक अजून कानात आहे. त्यानंतर दोनदा चुना मारला. रेघ पुन्हा उमटते.

तरीही तळघरच हवं. २३ मे २०१३ ला या गावात पारा ४७.९ वर गेला होता. मे महिन्यात रात्री नऊलाही भिंतीला पाठ टेकवत नाही. घरात गारवा उरतो तो मातीच्या पोटातल्या या एका खोलीत. आजीच्या लोणच्याच्या बरण्या इथेच असत, आणि आमची दुपारची झोपही.

म्हणून सगळी आखणी त्या रेघेवरून केली. विजेचे प्लग तिच्या वर, पंखा वर. रबरी गाद्या चिकटवायच्या नाहीत, तुकड्यातुकड्यांनी उचलून वर नेता आल्या पाहिजेत. ट्रेडमिल नको, त्याची मोटर जमिनीलगत, आणि ते धूड ऐनवेळी जिन्यावरून चढवणार कोण? कूलरही नको, तो ओल वाढवतो. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग नुसतं चिंबून जातं. त्यापेक्षा एका झरोक्याला हवा बाहेर फेकणारा पंखा आणि समोरचा झरोका सताड उघडा.

बाबांना कोपऱ्यात तांबड्या मातीचा छोटा हौद हवा होता. तेल, ताक, हळद घातलेली माती रोज उकरावी लागते, तिला वारं लागावं लागतं. इथल्या ओलीत ती आंबली असती. नाही म्हणताना जीव तुटला. व्यायाम ते शिकले अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात. अंबादासपंत वैद्यांनी १९१४ साली सुरू केलेली ही संस्था. १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी तिची मंडळी बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आली होती. तिथून बाबांनी आणलेली शिसवी मुद्गलांची जोडी त्या पुरात तरंगत जिन्याच्या वरच्या पायरीला येऊन लागली होती. माझे लोखंडी डंबेल्स तळाशी गंजत पडले.

छत आठ फूट. बाबांनी मुद्गल न घेताच हात वर केला, फिरवला आणि थांबले. बोटांपासून छतापर्यंत वीतभर जागा. दोन फुटी लाकूड इथे फिरणार नव्हतं.

‘खुंट्या गच्चीच्या दारापाशी ठोक,’ ते म्हणाले.

आता पहाटे पाचला वर मुद्गल घुमतात, तेव्हा मी खाली जोर काढत असतो. ऊन कौलावर आलं की ते उतरतात, कठड्याला धरून, एकेक पायरी. भिंतीला हात लावून ओल पाहतात. मग रेघेकडे पाठ करून बैठकांना सुरुवात करतात, आणि आकडे मी मोजायचे असतात.