मसूर, बामणोली आणि आईचा समुद्र

आपला माणूस घराबाहेर पडला की गाडी दीक्षाभूमीकडे, चैत्यभूमीकडे नाही तर महाडकडे वळते. वळायलाच हवी. आमच्या घरातही आजवर तेच होत आले. पण यंदा दिवाळीच्या सुट्टीत मुलीने स्पष्टच सांगितले, "पप्पा, ह्या वेळी नुसतं फिरायला जायचं. बॅनर नाही, पावतीपुस्तक नाही, सभा नाही."

आईचीही एक इच्छा राहिली होती. ती सहा डिसेंबरला तीनदा दादरला गेली, पण समुद्र दिसला तो रांगेतून, माणसांच्या डोक्यांवरून. पाण्यात पाय बुडवायला सवड कुठली! आता वय सत्तर, गुडघे बोलू लागलेले. मी ऑफिसात रजेचा अर्ज टाकला. वस्तीतल्या एका मुलाची जीप ठरवली, डिझेल आमचे आणि रोजची हजेरी त्याची. सहा माणसे, चार दिवस, तीन मुक्काम. स्टोव्ह, पातेले, चटणी-भाकरी बरोबर. सांगलीहून पहाटे निघालो.

सभा नाही असे कबूल केले होते, तरी कराड सोडल्यावर मी गाडी मसूरला वळवायला लावलीच. मुलीने डोळे वटारले. मी म्हणालो, "दहा मिनिटं." पुणे-मिरज मार्गावरचे हे छोटे स्टेशन. १९०१ साली नऊ वर्षांचा भीमराव थोरल्या भावाबरोबर आणि भाच्याबरोबर इथे उतरला होता. सुभेदार रामजी तेव्हा खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार होते. मुले सुट्टीत वडिलांना भेटायला निघालेली, अंगावर नवे कपडे, नवे बूट. म्हणजे तीही एक सुट्टीतली सहलच होती. पत्र वेळेवर न मिळाल्याने न्यायला कोणी आले नाही. जात कळल्यावर स्टेशनमास्तर मागे सरला. गाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे कबूल केले तेव्हा एक जण तयार झाला, तोही अशा अटीवर की बैल मुलांनी हाकायचे आणि मालकाने बाजूने चालायचे. डब्यात खायला होते, पण प्यायला पाणी मिळेना, म्हणून रात्र उपाशीच काढली. बाबासाहेबांनी हे सारे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवले आहे.

माझा धाकटा नेमका नऊ वर्षांचा. त्याने एकच विचारले, "त्यांना बैल हाकता येत होते का?" मला उत्तर देता आले नाही.

आई मात्र वेगळ्याच ठिकाणी अडकली. गोरेगावला सरकार दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून तलाव बांधत होते आणि रामजी त्याच कामावर खजिनदार होते, असे मी सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे त्येंचा बा बी दुष्काळी कामावरच हुता म्हण की."

मग पुढचा तासभर गाडीत तिचेच बोलणे. माहेर आटपाडी तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात ती अठरा वर्षांची होती. खडी फोडायला रोज दोन कोस चालत जायची, दुपारी सुकडी मिळायची, घरी मिलोची तांबडी भाकरी. बोटाला चिंध्या बांधून हातोडा धरायचा. फोडलेल्या खडीचा रस्ता झाला, पण त्यावरून गाडीत बसून जायचा योग तिला पुढे वीस वर्षांनी आला. हे मी लहानपणापासून तुकड्यातुकड्यांनी ऐकत आलो, मुलांनी मात्र सलग पहिल्यांदाच ऐकले. कराडजवळ टेंभूला कृष्णेचे पाणी उचलून आटपाडीकडे नेले आहे, ते आता तिच्या माहेरच्या भागात पोचले. आईचे खडी फोडायचे दिवस त्याआधीच सरले होते.

साताऱ्यात फार थांबलो नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव जिथे दाखल झाले ती राजवाड्याजवळची शाळा, म्हणजे आजचे प्रतापसिंह हायस्कूल, बाहेरून पाहिले. हाच दिवस २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. मुलीने फोटो काढला, तोही स्वतःहून.

दुसऱ्या दिवशी कासमार्गे बामणोली. कासच्या पठारावरची फुले संपली होती. ती पाहायची तर ऑगस्ट ते ऑक्टोबर ह्या दिवसांत जावे. आम्हाला मिळाले वाळके गवत आणि भन्नाट वारा. पण घाट उतरताना खाली शिवसागर दिसला आणि गाडीतली सगळी एकदम गप्प झाली. कोयना धरणाचा हा जलाशय डोंगरांच्या खोबणीखोबणीतून मैलोन्‌मैल पसरला आहे. साठवण १०५ टीएमसीच्या घरात. बोटीत बसलो. समोर वासोट्याचे जंगल, दुसऱ्या अंगाला तापोळा. आई काठ घट्ट धरून बसली होती. तिने बोटवाल्याला विचारले, "बाबा, हितं आधी काय हुतं?"

"आमचं शेत," तो सहज बोलून गेला. आजोबांची भातखाचरे पाण्याखाली गेली, भाऊबंद दूरच्या जिल्ह्यांत वसवले गेले, तो मात्र डोंगरावर राहिला. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की जुन्या वस्तीच्या खुणा दिसतात, असेही म्हणाला. आईने पुढे काही विचारले नाही. उतरताना तिने कनवटीचे पन्नास रुपये काढून त्याच्या पोराच्या हातावर ठेवले. बोटीचे भाडे मी आधीच दिले होते, पण बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी उंब्रज, मल्हारपेठ, पाटण करत कोयनानगर. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने हादरलेले ते हेच गाव. तिथे चहा पिता पिता मी मुलांना पाण्याचा हिशेब समजावला. बीकॉमचा माणूस, जमा-खर्चाशिवाय गोष्ट सांगता येत नाही. कोयना ही कृष्णेची उपनदी, तिने कराडला कृष्णेला मिळून पूर्वेला जायचे. पण धरणातले बरेचसे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला पोफळीकडे सोडतात. त्यावर वीज होते आणि पाणी वाशिष्ठी नदीतून समुद्राला जाते. कृष्णा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी इतके पाणी असे वळवायला मान्यता दिलेली आहे. वीज हवीच. माझ्या ऑफिसातला पंखाही त्यावरच फिरत असेल. पण आई म्हणाली, "पानी आमच्याकडं याचं, त्ये उलटं गेलं व्हय?" पत्नी म्हणाली, "आत्याबाई, चहा घ्या, गार होतोय."

कुंभार्ली घाट उतरलो, हवा बदलली, चिपळूण मागे टाकून दिवेलागणीला गुहागर गाठले. इथे जे घडले ते वाचकांना सांगायलाच हवे. किनाऱ्याजवळच्या एका घरगुती निवासात खोली आहे म्हणाले, भाडे ठरले, आईने पिशवीसुद्धा उतरवली. वहीत नाव लिहायला घेतले. आडनाव सांगितले, गाव विचारले, मग "आमचे पाहुणे येणारेत, विसरलोच होतो." आवाज अगदी नम्र. भांडायला काही हातात सापडत नाही, अशीच ही रीत असते. मी परत गाडीत बसलो.

ड्रायव्हर पोरगा म्हणाला, "काका, पुढच्या ठिकाणी आडनाव दुसरं सांगू की. कोण बघतंय?"

मागून मुलगी म्हणाली, "मसूरच्या गाडीवाल्यानं पण तेच सांगितलं होतं. मुसलमान आहोत म्हणा, म्हणजे पाणी मिळेल. तरी नाहीच मिळालं." पुस्तक तिने माझ्या नकळत वाचले होते. पुढच्या ठिकाणी वहीत नाव तिनेच लिहिले, पूर्ण आणि ठळक अक्षरांत. त्या माउलीने वही पाहिलीही नाही, "आजींना गरम पाणी देऊ का?" एवढेच विचारले. रात्री कुळथाचे पिठले आणि भात.

सकाळी सुरूच्या झाडांतून किनाऱ्यावर गेलो. आईने चपला हातात घेतल्या, लुगडे वर खोचले आणि गुडघ्यापर्यंत पाण्यात जाऊन उभी राहिली. लाट आली की हसायची. आई अशी हसते हे मी विसरलो होतो. तासाभराने हाका मारल्या तरी बाहेर येईना.

दुपारी धोपाव्याला गेलो. इथून दाभोळला जीपसकट माणसे नेणारी फेरीबोट आहे. ही वाशिष्ठीची खाडी, म्हणजे बामणोलीला पाहिलेले पाणी डोंगर फोडून इथे येते. आईला तसे सांगितले. ती धक्क्याच्या पायरीवर वाकली, ओंजळभर पाणी तोंडाला लावले आणि थुंकले.

"खारट झालं की रं समदं."

फेरीबोटीने पलीकडे जाऊन तशीच परत आलो आणि रातोरात घाट चढून पहाटे सांगलीत पोचलो. कोणाला जायचे असेल तर बामणोलीला बोटीत लाइफ जॅकेट मागून घ्यावे. फेरीबोटीच्या वेळा आधी विचाराव्यात, शेवटची फेरी चुकली तर चिपळूणवरून मोठा वळसा पडतो. आणि म्हाताऱ्या माणसांना समुद्रावर न्यायचे असेल तर कपड्यांचा एक जोड जास्त घ्यावा. आमच्याकडे नव्हता, आई ओल्या लुगड्यानेच धोपाव्यापर्यंत आली.