घर बांधायच्या अटीची जमीन

जपानी शहरांत घरासाठी मोकळी जमीन घेताना पुष्कळदा तिच्यासोबत एक अट येते: घर विक्रेत्याने ठरवलेल्या कंपनीकडूनच बांधून घ्यायचे. अशा जमिनीला ‘केन्चिकु जोकेन-त्सुकी तोची’ म्हणतात. अमरावतीजवळच्या वलगावात ले-आऊटमधला प्लॉट घेणारा माणूस एन.ए.चा आदेश बघतो, इसार देतो, आणि खरेदीखत झाले की मिस्त्री आपल्या पसंतीचा लावतो. प्लॉट दहा वर्षे तसाच ठेवला, तरी विकणारा विचारायला येत नाही. अटीच्या जमिनीत ही मोकळीक नाही.

इथे करार दोन असतात, एक जमिनीचा आणि दुसरा बांधकामाचा. जमिनीचा करार झाल्यावर नकाशा आणि खर्च ठरवायला साधारण 3 महिने मिळतात. तेवढ्यात बांधकामाचा करार जुळला नाही, तर जमिनीचा व्यवहार मुळातूनच रद्द होतो आणि ‘तेत्सुके’ म्हणजे इसाराची रक्कम पूर्ण परत मिळते. केवळ मन बदलले म्हणून माघार घेतली, तर मात्र वऱ्हाडासारखाच इथेही इसार बुडतो. म्हणून हे 3 महिने हेच घेणाऱ्याचे खरे संरक्षण. दोन्ही करारांवर एकाच दिवशी सह्या करून टाकू, असा आग्रह होतो तेव्हा तो ठामपणे नाकारावा. बांधकामाच्या करारावर सही झाली की अट पूर्ण झाली असे धरले जाते. मग खोल्या मनासारख्या झाल्या नाहीत, तरी सुटका महाग पडते. जाहिरातीतला घराचा नकाशा हा फक्त नमुना असतो.

सहीआधी परवानाधारक व्यक्तीने जमिनीची सगळी माहिती समजावून सांगणे कायद्याने बंधनकारक आहे. ती जपानीत असते, तेव्हा भाषा जाणणारा माणूस सोबत हवाच. जमिनीचे माप ‘त्सुबो’त सांगतात, 1 त्सुबो म्हणजे सुमारे 35.6 चौरस फूट. प्लॉटची किमान 2 मीटर बाजू 4 मीटर रुंद रस्त्याला लागून असावी लागते. जुना रस्ता अरुंद असेल, तर सहसा त्याच्या मध्यापासून 2 मीटर मागे सरूनच बांधता येते, आणि सोडलेली पट्टी पैसे मोजूनही वापरात येत नाही.

ऑगस्ट 2020 पासून सहीआधीच्या या माहितीत जमीन पुराच्या नकाशात कुठे येते, हेही दाखवावे लागते. तोक्योतल्या निशी-कासाई भागात अनेक भारतीय कुटुंबे राहतात. तो ज्या एदोगावा वॉर्डात येतो, त्याची जवळपास 70 टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. वलगावच्या पेढी नदीच्या काठी वाढलेल्या माणसाने हा नकाशा आधी उघडावा, किंमत नंतर विचारावी.

मातीचेही तसेच. वऱ्हाडात काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून जाणता मिस्त्री मुरूम लागेपर्यंत पाया खणतो. जपानात जमीन मऊ निघाली, तर ती पक्की करण्याचा खर्च बहुधा वेगळा लागतो. तो कोणी सोसायचा, हे त्या 3 महिन्यांतच लिहून घ्यावे.

परदेशी नागरिकाला जमीन मालकीने घेता येते. गृहकर्जासाठी मात्र बऱ्याच बँका कायम वास्तव्याचा परवाना मागतात. शिवाय हे कर्ज सहसा घर पूर्ण झाल्यावर हातात पडते आणि जमिनीचे पैसे आधी चुकवायचे असतात. मधल्या काळासाठी ‘त्सुनागी’ कर्ज काढावे लागते. घर उभे राहीपर्यंत त्याचे व्याज आणि राहत्या घराचे भाडे, दोन्ही सुरू राहतात.