दुसरा लांडगा

आषाढातल्या रविवारी कर्जतला ज्याच्या घरी तरुण मंडळी जमली असतील, त्याने दुपारच्या झोपेची आशा सोडून द्यावी, हा अनुभव मी गेली दोन वर्षे घेत आहे. बाहेर पाऊस असा कोसळत असतो की समोर सह्याद्री आहे किंवा नाही याविषयी एखाद्याने खुशाल नास्तिक व्हावे. आणि आत माझी कन्या व तिची चार मित्रमंडळी चटईवर कागद, पेन्सिली आणि नाना आकारांचे फासे पसरून कोणत्या तरी भुयारात शिरलेली असतात. भुयार अर्थातच चटईवर कोठेही दिसत नाही. ते सारे बोलण्यात असते. या खेळाला पट नाही, सोंगट्या असल्या तरी चालतात आणि नसल्या तरी अडत नाही. एकाने पुढे काय दिसते ते सांगावे, बाकीच्यांनी आपण काय करतो ते सांगावे, आणि जेथे यशापयशाची शंका असेल तेथे वीस पृष्ठांच्या फाशाचा कौल घ्यावा, एवढीच त्याची मांडणी. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने तो प्रथम छापला. जो सांगणारा असतो त्याला मुले 'डीएम' म्हणतात. मी आपला त्याला सूत्रधार म्हणतो. फरक इतकाच की संस्कृत नाटकातला सूत्रधार प्रस्तावना आटोपताच निघून जातो, आणि आमच्याकडचा चहाच्या तीन फेऱ्या झाल्या तरी हालत नाही.

माझी मुलगी या खेळात रेंजर होते. आमच्या तालुक्यात रेंजर म्हटले की वनखात्याचा खाकी पोशाख डोळ्यांपुढे येतो. तिचा रेंजर म्हणजे रानावनात भटकणारा वीर. त्याला नियमाने एक जनावर सोबतीला घेता येते. मात्र ते बेताच्या आकाराचे आणि बेताच्याच ताकदीचे असले पाहिजे. तिने लांडगा घेतला होता आणि त्याचे नाव भुऱ्या ठेवले होते. दोन पावसाळे हा भुऱ्या माझ्या घरात वावरला. मी त्याला कधी पाहिले नाही. परंतु तो कोठे झोपतो, कोणावर गुरगुरतो आणि कोणाच्या हातून खातो हे मला ठाऊक झाले होते.

त्याच्यासंबंधीचे नियम मात्र मला प्रथमपासून विनोदी वाटत. त्यांच्यापाशी असलेल्या २०१४ च्या पुस्तकाप्रमाणे लांडग्याने कोठे जावे हे धन्याने तोंडाने सांगितले की तो जातो, त्यास काही खर्च नाही. पण 'चाव' म्हणून सांगावयाचे असेल तर धन्याने स्वतःची त्या खेपेची पाळी खर्ची घातली पाहिजे. काही सांगितले नाही तर लांडगा आपल्या बुद्धीने चावत नाही. धनी मार खात असला तरी नाही! मी म्हटले, हे लिहिणाऱ्याने जनावर पाळलेले दिसत नाही. आमच्याच तालुक्यात वर माथेरान आहे. दस्तुरीच्या नाक्यापुढे मोटारींना बंदी, म्हणून तेथे अजून घोडी माणसे वाहतात. त्यांपैकी एखाद्या घोड्यावर बसून पाहावे. स्वाराने लगाम डावीकडे ओढो की उजवीकडे, घोडे त्याच्या नेहमीच्या वाटेने, नेहमीच्या पॉइंटवर, नेहमीच्या झाडाखाली जाऊन उभे राहते, आणि स्वाराला वाटते की आपणच आलो.

यावर आमचा सूत्रधार, जो एरवी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे, शांतपणे म्हणाला, "काका, लांडगा आपल्या मनाने लढू लागला तर हिला दर खेपेला दोन पाळ्या मिळतील आणि आम्हाला एक. ते न्यायाचे होईल का?" मला उत्तर सुचले नाही. नियम जनावरासाठी केलेला नव्हताच. तो चटईभोवती बसलेल्या माणसांमाणसांत तंटा होऊ नये म्हणून केलेला होता.

गेल्या आषाढात एका पुलावरच्या लढाईत भुऱ्या मेला. मी आतल्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत होतो. एकदम बाहेरचा गलका थांबला, तेव्हाच काहीतरी घडले हे माझ्या ध्यानात आले. मग सूत्रधाराचा आवाज आला. तो समजुतीच्या सुरात सांगत होता की काळजीचे कारण नाही. नियम स्पष्ट आहे. रेंजरने रानात आठ तास घालवून, जे वैर धरीत नाही असे दुसरे जनावर वश करून घ्यावे. आज रात्री मुक्काम आहेच. उद्या सकाळी दुसरा लांडगा!

मुलगी म्हणाली, "मला नको."

येथून वाद पेटला. ज्यांना तो क्षुल्लक वाटेल त्यांनी तरुणांना वाद करताना पाहिलेले नाही. तिचे म्हणणे, दोन वर्षे बरोबर असलेले जनावर गेले आणि सकाळी त्याच्या जागी दुसरे उभे करावयाचे, तर मग तो भुऱ्या काय तलवारीसारखा होता? बाकीच्यांचे म्हणणेही खोटे नव्हते. लांडगा नसेल तर तिचा रेंजर अर्धा होतो. पुढे जे संकट येईल ते चौघांवर सारखेच येणार. तिच्या दुःखाचे ओझे इतरांनी का वाहावे? शेवटी पुस्तक घेऊन सारी माझ्याकडे आली. मी इंग्रजीचा प्राध्यापक. तेव्हा त्या वाक्यातील क्रियापदाने मुभा दिली आहे की कर्तव्य सांगितले आहे, एवढे मी सांगावे. व्याकरणाने उत्तर सोपे होते. मुभाच होती. परंतु बापाने मुलीच्या बाजूने व्याकरण लावले असे दिसू नये म्हणून मी न्यायाधीशाच्या थाटात निकाल पुढच्या रविवारपर्यंत राखून ठेवला, आणि पुस्तके ठेवून घेतली.

त्या आठवड्यात मी या खेळाच्या जुन्यानव्या आवृत्त्या चाळल्या. ही मास्तरकीची खोड. १९७८ च्या पुस्तकात मांत्रिकाजवळ मंत्राने एखादे मांजर, कावळा, घुबड किंवा बेडूकही येऊन राहतो. त्याच्या सहवासाने मांत्रिकाच्या प्राणशक्तीत जेवढी भर पडते, तिच्या दुप्पट शक्ती तो सोबती मारला गेला असता कायमची वजा होते. २००० सालच्या आवृत्तीत असा सोबती गेल्यावर एक वर्ष आणि एक दिवस दुसरा मिळत नाही. हे वाचून मी थबकलो. ज्यांनी वर्षश्राद्धाचे नाव ऐकले नसेल अशा माणसांनी हा हिशोब कोठून काढला असेल? २००३ मध्ये रानातल्या सोबत्यासाठी चोवीस तासांची अखंड प्रार्थना पुरे झाली. २०१४ मध्ये आठ तास. आणि २०२० च्या पुरवणीत तर जनावराला मरून तास उलटला नसेल तोवर रेंजरने आपल्या मंत्रबळातले थोडे वेचून त्याला हात लावावा, एका मिनिटात ते धडधाकट उठून बसते! मांत्रिकाचे मांजर आणि रेंजरचा लांडगा यांची कलमे निराळी आहेत, त्यांची अशी सरळ माळ लावू नये, असे मला मुलीने बजावले आहे, आणि ते खरे आहे. तरी पण चाळीस-बेचाळीस वर्षांत सुतक कसे आटत गेले ते पाहून मला चमत्कारिक वाटले खरे.

महाप्रस्थानाची कथाही त्या दिवसांत मनात येऊन गेली. धर्मराजाला रथ घेऊन न्यावयास आलेला इंद्र कुत्रे पाहून हेच करतो. नियम सांगतो. स्वर्गात श्वानासह प्रवेश नाही. धर्मराज नियमाच्या अर्थाविषयी वाद घालीत नाही. तो रथात चढत नाही, इतकेच. मी मुलीला ही गोष्ट सांगून जिंकवावे असे ठरवूनही टाकले. पण बुधवारी रात्री, पाऊस अंगणात वाजत असता, मला पाखऱ्या आठवला.

आमचे मूळ घर खालापूर तालुक्यात, पाताळगंगेच्या काठी. खोपोलीला टाटांचे वीजगृह १९१५ साली सुरू झाल्यापासून त्याचे सोडलेले पाणी या नदीला मिळते आणि ती उन्हाळ्यातही वाहते. परंतु आमची खाचरे उंचावर, ती पावसाच्याच भरवशावर. १९८३ च्या जुलैत मी तेरा वर्षांचा होतो. घरी पाखऱ्या आणि हरण्या अशी बैलांची जोडी होती. पाखऱ्या माझ्याहून दोनच वर्षांनी धाकटा. चिखलणी अर्ध्यावर आली असता त्याला रात्री गोठ्यात पान लागले. कंदील घेऊन अण्णा त्याच्यापाशी बसून होते. मध्यरात्रीनंतर तो गेला. उजाडताच चार माणसांनी त्याला बांधाच्या कडेला पुरले, आणि नऊच्या सुमारास शेजाऱ्यांचा गुलब्या नावाचा बैल हरण्याच्या जोडीला जुवाखाली उभा होता.

मी अण्णांना म्हटले, "आजच्या दिवस तरी नांगर राहू द्या."

ते म्हणाले, "रोप थांबत नाय."

त्याउपर एक शब्द नाही. मला त्यांचा इतका राग आला की मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. राबावरची भाताची रोपे तीन आठवड्यांची झाली की लावावी लागतात. फार दिवस राहिली तर पुढे त्यांना फुटवे कमी येतात. लावणीला ठरलेल्या बाया कातकरवाडीतून भर पावसात येऊन बांधावर उभ्या होत्या, आणि त्या दिवशी काम नाही म्हणजे त्यांच्या घरी त्या दिवसाची मजुरी नाही. हे सर्व मला तेव्हाही माहीत होते. शेतकऱ्याच्या मुलाला ते शिकवावे लागत नाही. माहीत असून मी रागावलो. बांधावर बसून मी त्या दिवशी एक गोष्ट मात्र मोजली. अण्णांच्या तोंडून नव्या बैलाला हाकताना चार वेळा पाखऱ्याचे नाव निघाले. गुलब्याला त्या नावाचे काही नव्हते. हरण्या प्रत्येक वेळी कान उभारून मागे पाही आणि जोत चुकवी, की अण्णा त्याच्यावर खेकसत. मग ते गप्पच झाले. त्यांच्यासारख्या सारखे बोलत नांगर धरणाऱ्या माणसाने ते उरलेले खाचर मुकाट्याने नांगरले.

अण्णांना जाऊन पुष्कळ वर्षे झाली. त्या आठ दिवसांविषयी मी त्यांच्यापाशी कधी शब्द काढला नाही, आणि त्यांनीही विचारले नाही. मी मुलीला धर्मराज सांगावयास निघालो होतो, पण धर्मराजाच्या मागे कोणी रोपे घेऊन उभे नव्हते. चटईवर मात्र तीन मुले आणि एक सूत्रधार पाळीची वाट पाहत होती. आठ तासांचा तो नियम लिहिणारा माणूस निष्ठुर असेल असे मला आता खात्रीने म्हणवेना. त्याने कदाचित एखाद्या रविवारी खेळातून उठून कोपऱ्यात बसलेले पोर पाहिले असेल, आणि ते लवकर परत यावे म्हणून तास कमी केले असतील. उलट मुलीला 'घे दुसरा' असे सांगण्यासही माझी जीभ धजत नव्हती. निकालपत्र काही लिहून होईना.

रविवार आला. पाऊस होताच. मी चष्मा पुसून, पुस्तके काखोटीला मारून बाहेर आलो, तर माझा निकाल ऐकण्याची कोणालाच घाई दिसली नाही. खेळ सुरू होऊन तास झाला होता. मुलीच्या कागदाकडे मी चोरून पाहिले. भुऱ्याचा कागद घडी करून खाली सरकवलेला होता. त्याच्यावर नवा कागद होता. त्यात जात, बळ, चपळाई असे सगळे आकडे नीट भरलेले. नावाच्या जागी मात्र पेन्सिलीची एक आडवी रेघ.

माझे काम उरले नव्हते. मी चहाचे कप गोळा करू लागलो. इतक्यात तिची पाळी आली.

सूत्रधाराने विचारले, "लांडगा काय करतो?"

ती म्हणाली, "मी त्याला पुढे हो म्हणते. पण तो अजून माझे ऐकत नाही."

असे करण्यास नियमात जागा नाही. जनावराने ऐकलेच पाहिजे. बाकीच्यांनी सूत्रधाराकडे पाहिले. त्याने पुस्तकाकडे हात नेला, क्षणभर तो तेथेच ठेवला, आणि मग वीस पृष्ठांचा फासा उचलून तिच्यापुढे सरकवला.