बरा झालेला उंदीर

37 अंशांच्या पाण्यात नळी धरली की मी घड्याळाइतकंच नळीतही पाहत असते. आत उंदराचं स्वादुपिंड, पित्तनलिकेतून कोलॅजिनेज भरून फुगवलेलं. हे एन्झाइम पेशींना धरून ठेवणारे कोलॅजनचे धागे तोडतं. वेळ कमी पडली तर इन्सुलिन करणारे पेशींचे पुंजके, म्हणजे आयलेट, ऊतीत अडकून बसतात. जास्त झाली तर तेच फुटू लागतात. शिवाय एन्झाइमची खेप बदलली की कालची वेळ आज चालत नाही. ऊत वाळूसारखी सुटी झाली की लगेच थंडगार द्रावण ओतायचं. हे डोळ्यांनाच कळावं लागतं.

लँगरहॅन्सने 1869 साली बर्लिनमध्ये हे पुंजके नोंदवले. कोलॅजिनेज वापरून उंदरांतून ते मोकळे करण्याची पद्धत 1967 साली सेंट लुईसमध्ये लेसी आणि कोस्टियानोव्स्की यांनी दिली. पुढे बरंच सुधारलं, पण सूक्ष्मदर्शकाखाली एकेक आयलेट पिपेटने वेचणं अजून हातालाच करावं लागतं. डायथिझोन घातलं की इन्सुलिनसोबतच्या जस्तामुळे आयलेट लालसर होतात, बाकीची ऊत फिकट राहते. एका उंदराला बरं करायला बहुधा एकाहून जास्त उंदरांची आयलेट लागतात. म्हणून ताटलीत एकही मागे राहिलेलं मला चालत नाही. त्यासाठी एक जीव गेलेला असतो.

ज्याला आयलेट द्यायची, त्या उंदराच्या इन्सुलिन करणाऱ्या बीटा पेशी स्ट्रेप्टोझोटोसिनने आधीच मारलेल्या असतात. साखर चारशेच्या वर, पिंजऱ्यातला भुसा सतत ओला, अंग खंगलेलं. भूल देऊन डाव्या कुशीतून मूत्रपिंड बाहेर घ्यायचं, सलाइनने ओलं ठेवायचं, त्यावरच्या पारदर्शक पडद्याला बारीक छेद द्यायचा. त्यातून पातळ नळी आत सरकवून आयलेट सावकाश सोडायची. पडदा जास्त फाटला तर ती बाहेर वाहून जातात. नीट बसली तर पडद्याखाली फिकट ठिपका दिसतो.

मग शेपटीच्या टोकाचा थेंब आणि ग्लुकोमीटर. साखर दोनशेच्या खाली येते आणि टिकते, भुसा कोरडा राहतो, वजन भरतं. इथे थांबावंसं वाटतं. पण त्याच्या स्वतःच्या बीटा पेशी पुन्हा उगवल्या नसतील कशावरून? म्हणून काही आठवड्यांनी तेच मूत्रपिंड काढायचं. साखर पुन्हा चढली, तरच श्रेय आपल्या आयलेटना. बऱ्या झालेल्या प्राण्याला पुन्हा आजारी करण्याची ही पायरी मला आजही जड जाते, आणि तरी ती गाळणारं संशोधन मला अपुरं वाटतं.

कारण माणसात ही सोय नाही. रुग्णाला आयलेट यकृताच्या रक्तवाहिनीतून दिली जातात. एडमंटनच्या डॉक्टरांनी 2000 साली सात रुग्णांचं इन्सुलिन याच मार्गाने थांबवल्याचं प्रसिद्ध केलं. यकृतभर विखुरलेली आयलेट परत काढून पाहता येत नाहीत. तो पुरावा उंदरालाच द्यावा लागतो.

प्राणी नैतिकता समितीच्या अर्जात या दुसऱ्या शस्त्रक्रियेचं कारण मी सविस्तर लिहिते. भूल, वेदनाशामक, ऊबदार गादी पहिल्या वेळेइतकीच काटेकोर लागते. विद्यार्थ्यांना पहिलीपेक्षा दुसरी शस्त्रक्रिया सोपी वाटते. ती त्यांनी एकट्याने केलेली मला चालत नाही.