दाराच्या फटीतून

पॅरिसमधल्या हॉटेलची खोली. आना गुडघे टेकून जुलियाच्या पायांवरून हात फिरवते आहे. दार अर्धवट उघडं आणि फटीत जुलियाचा नवरा मार्चेलो. आनाची नजर क्षणभर दाराकडे जाते, हात मात्र थांबत नाही. बेर्तोलुच्चीच्या ‘द कन्फॉर्मिस्ट’मधली (1970) ही एक नजर प्रस्तुत लेखकाला रसास्वाद वर्ग घ्यायला लागल्यापासून छळते आहे.

आना जुलियावर भाळली आहे, की मार्चेलो फॅसिस्टांचा माणूस आहे हे ओळखून स्वतःच्या नवऱ्याचा, प्राध्यापक क्वाद्रीचा, जीव वाचवायला खेळते आहे? ‘दोन्ही’ हे लेखकाचं ठरलेलं उत्तर. यंदा एका विद्यार्थिनीनं हटकलं, “सर, दोन्ही, पण कुणाच्या डोळ्यांतून?”

आनाचं काम करणारी डॉमिनिक सांदा त्याआधीही दोनदा दिसून जाते: एकदा मंत्र्याच्या टेबलावर पहुडलेली, एकदा व्हेंतिमिल्याच्या कुंटणखान्यात. म्हणजे आना भेटायच्या आधीच तिचा चेहरा मार्चेलोच्या डोक्यात आहे. शिवाय बहुतेक गोष्ट तो क्वाद्रीच्या खुनाच्या वाटेवर, गाडीत बसून आठवतोय. मग दाराकडे वळलेली नजर तिची, की त्याला हवी असलेली?

एवढी खटपट कोण करतो? लहानपणी ड्रायव्हर लीनोनं मार्चेलोशी केलेला चाळा, त्यातून दडपलेली समलैंगिकता, त्यातून फॅसिझम: झालं समीक्षण. इटालियन सिनेमात हे समीकरण जुनंच. रोसेलिनीच्या ‘रोम, ओपन सिटी’मधली (1945) इन्ग्रिड फरचा कोट आणि अमली पदार्थ देऊन मुलीला फितवते, व्हिस्कोन्तीच्या ‘द डॅम्ड’मध्ये (1969) हेल्मुट बर्गर तर मार्लेन डीट्रिशच्या वेशातच अवतरतो. हल्ली तेच रीलमध्ये, ठसक्यात.

टँगोच्या प्रसंगावर बोलताना मात्र लेखकाला स्वतःचाच आवाज फार आवडतो, हे मान्य. आना-जुलिया नाचतात, बाकीचे बाजूला होऊन बघतात, मग नाचणाऱ्यांची साखळी मार्चेलोभोवती वेटोळं घालते. चारचौघांसारखं व्हायला निघालेला माणूस मध्यभागी एकटाच बावचळलेला. इथे लेखक पॉज दाबतो आणि वर्गाच्या चेहऱ्यांवर दाद शोधतो.

मोराव्हियाच्या कादंबरीचा (1951) शेवट विमानहल्ल्यात होतो. बेर्तोलुच्ची मार्चेलोला इतक्या स्वस्तात सोडत नाही. 1943मध्ये, मुसोलिनी पडल्याच्या रात्री, लहानपणी आपल्याच हातून मेला असं मार्चेलो समजत आलेला लीनो जिवंत भेटतो. मार्चेलो क्वाद्रीचा खून लीनोच्याच माथी मारत किंचाळतो. मग जाळाशेजारी बसून, मान वळवून, गजांमधून एका विवस्त्र पोराकडे बघतो. ‘बघा, म्हटलं नव्हतं?’ असं म्हणणाऱ्यांना इथे जोर चढतो. लेखकाला त्या चेहऱ्यावर हव्यासापेक्षा हिशेब जास्त दिसतो: ज्या खुनाच्या ओझ्याखाली लग्न केलं, फॅसिस्टांना जाऊन मिळाला, क्वाद्री नवराबायकोला मरू दिलं, तो लीनोचा खून झालाच नव्हता.